पिन माझ्या बोटांत आहे

१ सप्टेंबर

ही वही टिचकीने दिली. टिचकी म्हणजे माझी नात. दिवसभर कॉम्प्युटरवर बोटं आपटत असते म्हणून हे नाव मीच ठेवलं, आता तिची आईसुद्धा तीच हाक मारते. म्हणाली, आजी, तू दिवसभर सगळ्यांना जे सांगत असतेस ना, ते यात लिही. कल्पना चांगली आहे. वही निदान मधेच उठून जात नाही.

चार यत्ता शिकले, पण अक्षर बघून कुणी म्हणणार नाही. संकल्प असा की रोज लिहायचं. थोडक्यात लिहायचं. गुडघ्यांबद्दल लिहायचं नाही. आणि बटणवालीबद्दल वाईट लिहायचं नाही. शेवटी चाळीस वर्षांची ओळख आहे. मी कपडे शिवायची, ती मला बटणं विकायची, आणि एकदासुद्धा सहाच्या सहा सारखी दिली नाहीत.

२ सप्टेंबर

गुडघे दुखतात.

३ सप्टेंबर

नवं ओळखपत्र मिळालं! सरकार सगळ्यांची जुनी कार्डं बदलतंय. नव्यावर सोनेरी टिकली आहे, तिला चिप म्हणतात. पंचाहत्तरीच्या वरच्यांना आधी. आमच्या इमारतीत पहिली मी. बटणवाली अजून त्र्याहत्तरच, तिचा नंबर पुढच्या महिन्यात. मी काही बोलले नाही. फक्त कार्ड हातात धरून तिच्या दुकानावरून दोनदा गेले.

कार्ड घ्यायला पुलापलीकडच्या मोठ्या ऑफिसात चार मजले चढावे लागले. लिफ्टवर 'दुरुस्ती चालू' अशी पाटी, आणि पाटीवर धूळ. वर खिडकीतल्या बाईने बटणांचा छोटा डबा पुढे सरकवला. म्हणाली, आजी, चार आकडे दाबा, हा तुमचा पिन, घरच्यांनाही सांगू नका. मी आकडे-बिकडे काही धरले नाहीत. छप्पन्न वर्षं शिवणकाम केलंय, माझं सगळं बोटांत असतं. बोटांनी एक वाट धरली, चार टाके घातल्यासारखे, झालं. बाई म्हणाली, लक्षात राहील ना? मी म्हटलं, बाई, डोकं विसरतं, बोटं विसरत नाहीत. तिने पुढच्याला हाक मारली.

एक जाड कागदही दिला. पिन अडकला तर तो सोडवायचा लांबलचक नंबर त्यावर आहे. जपून ठेवलाय.

६ सप्टेंबर, शनिवार

टिचकीला माझं कार्ड हवंय.

झालंय असं. सरकारने कार्डाबरोबर आपला प्रोग्रॅम दिला, पण तो विकतचे प्रोग्रॅम घातलेल्या कॉम्प्युटरांवरच चालतो. आमच्या लायब्ररीतले सहाही कॉम्प्युटर फुकटच्या प्रोग्रॅमवर चालतात. जुनं कार्ड ते ओळखायचे, नव्याला ओळखच दाखवत नाहीत. आणि पंधरा ऑक्टोबरला जुनी कार्डं बंद. म्हणजे औषधाचा अर्ज असो नाहीतर घराचा, प्रत्येक वेळी पुलापलीकडचे चार मजले. लायब्ररीत सकाळी पेपर वाचायला आम्ही अकरा जण जमतो. अकरा जणांत मिळून धड गुडघे सहा-सात निघतील. (हे माझ्या गुडघ्यांबद्दल नाही, तेव्हा चालतं.)

टिचकी ऑफिस सांभाळून शनिवार-रविवारी त्या फुकटच्या प्रोग्रॅमला नवं कार्ड शिकवणार आहे. कुणी सांगितलं नाही, पगार नाही, आपली हौस. पण तिचं स्वतःचं कार्ड यायला दोन वर्षं आहेत. नमुन्याचं कार्ड मागायला पत्र पाठवलं, उत्तर नाही. म्हणजे सगळा भार माझ्यावर. हो म्हटलं.

तिने मला ओपन सोर्स समजावलं. मी ज्या मास्तरांकडे शिवण शिकले ते कपडा कापायचे कागदी बेत कुलपात ठेवायचे, जेवायला जातानाही किल्ली कमरेला. इथे सगळं उलटं. कपडा फुकट, वर त्याचा बेतही भिंतीवर टांगलेला. ज्याला हवा त्याने उतरवून घ्यावा, कुठे ओढत असेल तिथे सैल करावा, परत टांगावा. म्हटलं, आणि कुणी बिघडवून टांगला तर? म्हणाली, त्यासाठी तपासनीस आहे. तो दुसऱ्या कुठल्या देशात बसतो आणि सगळ्यांच्या शिलाया उलट्या करून बघतो. अठ्ठावीस तारखेला तो दार लावणार, म्हणजे नवं काम घेणं बंद. मग पुढचं दार सहा महिन्यांनी.

तेव्हा आमच्या हातात बावीस दिवस.

७ सप्टेंबर

कार्ड वाचायची छोटी डबी आणली आहे, तिला रीडर म्हणतात. कार्ड खाचेत सरकवलं की ते आधी आपलं नावगाव सांगतं. टिचकीने ते तिच्या प्रोग्रॅमला शिकवलं आणि दुपारी पडद्यावर चक्क माझा फोटो आला! टिचकी खुर्चीतून उडालीच. आधी मी रुमालाने चिप पुसून दिली होती, त्याचा कुणी उल्लेख केला नाही.

सूनबाई फोटो बघून म्हणाली, आई, तुम्ही रागावलेल्या दिसता. म्हटलं, चार मजले चढून काढलेला फोटो आहे तो.

१० सप्टेंबर

लायब्ररीत सगळ्यांना सांगितलं की काळजी करू नका, काम मी हातात घेतलंय. लायब्ररीवाले म्हणाले, आजीबाई, असं झालं तर आपण अकरा ऑक्टोबरला छोटासा कार्यक्रम करू, पहिलं कार्ड तुमचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बटणवाली वाजवत नव्हती. म्हणाली, हे तू करतेस की नात गं? मी म्हटलं, आम्ही. म्हणाली, तुला कॉम्प्युटर चालू तरी करता येतो का? येतो. पत्ते खेळते मी त्यावर.

१३ सप्टेंबर, शनिवार

आज पिनचा दिवस. चुकीचा पिन तीनदा गेला की कार्ड कुलूपबंद होतं, म्हणून टिचकी घाबरलेली. मी नाही. तिने भिंतीकडे तोंड केलं. कीबोर्डच्या उजव्या अंगाला आकड्यांची वेगळी बटणं आहेत, तीन-तीनच्या ओळी, अगदी ऑफिसातल्या डब्यासारखी. बोटं आपोआप धावली.

लाल अक्षरं आली. चुकला, म्हणे. उरले दोन.

टिचकी म्हणाली, आजी, तुझी चूक नाही, माझीच असणार. (मला शंका नव्हतीच.) तिने सांगितलं की कार्डाला आठ घरं लागतात. पिनचे आकडे चार, मग उरलेली चार घरं कशाने भरायची हे कुठे लिहिलेलं नाही, तिने अंदाजाने भरली. म्हटलं, असू दे, अस्तर पहिल्यांदा कुणाचंच बसत नाही.

बिचारीचं मन लागेना. लहानपणापासून ती गणितात हुशार, पण हुशार माणसं घाई करतात.

१४ सप्टेंबर

त्या लाल अक्षरांत काय लिहिलं होतं ते आज नीट वाचलं. 'अवैध वैयक्तिक ओळख क्रमांक. प्रमाणीकरण अयशस्वी. उर्वरित प्रयत्न: २.' मी टिचकीला म्हटलं, हे काय गं, कोर्टाची नोटीस? एखादी म्हातारी हे वाचून कार्ड तिथेच टाकून पळेल. म्हणाली, मग तू सांग काय लिहू. मी सांगितलं, तिने जसंच्या तसं टाइप केलं:

'पिन जुळला नाही. काही बिघडलं नाही. अजून दोन वेळा जमेल. घाई नाही.'

टिचकी म्हणाली, आजी, हे फार चांगलं आहे. म्हटलं, माझ्यासाठी नाही गं, मला काय गरज. बाकीच्यांसाठी. बटणवालीचा तर हमखास चुकणार.

२० सप्टेंबर, शनिवार

आठवडाभर टिचकीने उरलेली घरं कशी भरायची यावर जीव काढला. दुसऱ्या देशांतली कार्डं बघितली, लोकांना पत्रं लिहिली. सूनबाई म्हणते, जेवताना चमचा हवेत धरून बसते. आज दुसरा प्रयत्न. टिचकी भिंतीकडे, मी कीबोर्डकडे, बोटं धावली.

'पिन जुळला नाही. काही बिघडलं नाही. अजून एकदा जमेल. घाई नाही.'

वाचायला छान वाटतं. पण काम झालं नाही.

तपासनिसाचं पत्र आलं. हा माणूस एका ओळीच्या वर लिहीत नाही. म्हणतो, तुझा पहिलाच कोड मला बरोबर वाटला होता, पिन नक्की बरोबर आहे ना? टिचकीने हळूच विचारलं, आजी, तुला पिन नक्की आठवतो ना? मी उठून ताटं घासली. तीही स्वच्छ ताटं. सूनबाई टिचकीला म्हणाली, अगं, त्यांना लग्नातल्या शालूचा काठ किती बोटं होता ते आठवतं, पिन काय विसरतील? आज पहिल्यांदा सूनबाईबद्दल माया वाटली.

टिचकीने आता हात लावायचा नाही असं ठरवलंय. एकच प्रयत्न उरलाय, आधी पक्कं कळू दे, म्हणाली.

२३ सप्टेंबर, दुपारी ३

टिचकी ऑफिसात. सूनबाई बाजारात. मी विचार केला, पोर किती त्रास काढते. तिचा हात कापतो, म्हणूनच कार्डाला पिन समजत नाही. हे शांत हाताचं काम आहे. पडद्यावर पिन विचारणारी हिरवी खिडकी टिचकी कशी उघडते ते मी शंभर वेळा बघितलंय, वरचा बाण दाबायचा आणि मग मोठं बटण.

दुपारी ३:१०

उघडली!

दुपारी ३:१५

'कार्ड कुलूपबंद झालं आहे.' एवढंच. पुढे काही नाही. या वाक्याला मी हात लावला नव्हता ते दिसतंच. कोरडं वाक्य आहे.

२४ सप्टेंबर

कार्ड कपाटात ठेवलंय, स्वेटरखाली. टिचकीने मागितलं तर म्हटलं, त्याला थोडी विश्रांती दे. ती विचित्र नजरेने बघत होती. आज लायब्ररीत गेले नाही. पाय दुखतायत म्हणून कळवलं. पाय म्हणजे गुडघे नव्हेत.

२५ सप्टेंबर

सांगून टाकलं. नाश्त्याच्या वेळी, तिच्या तोंडात पाव असताना, म्हणजे ओरडता येणार नाही. ओरडली नाही. पाव गिळून म्हणाली, आजी, तीन दिवस उरलेत. आणि तिचे डोळे भरले. मला वाटलं होतं रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं.

मग म्हणाली, तो जाड कागद आहे ना, सोडवायच्या नंबरचा? त्याने कार्ड उघडेल आणि नवा पिन ठेवता येईल. म्हटलं, आहे तर, जपून ठेवलाय.

शिवणाच्या डब्यात जपून ठेवलाय. कागद फार चांगला होता. जाड, कडा न मुडणारा. असा कागद हल्ली मिळत नाही. त्याच्या एका अर्ध्यातून लहान मुलाच्या कॉलरचा बेत कापलाय. कॉलरवर पाच आकडे आहेत.

टिचकी म्हणाली, नंबर आठ आकड्यांचा असतो.

दुसऱ्या अर्ध्यातून खिसा कापला होता. खिसा बटणवालीला दिला. तिच्या नातवाच्या शर्टासाठी.

२६ सप्टेंबर

गेले. काय करणार. टिचकी मागे उभी. बटणवालीने सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही बोलली नाही, हे तिच्या स्वभावात नाही. मग ड्रॉवरमधून खिसा काढला. म्हणाली, शिवणवाली, हा खिसा शर्टाला फार मोठा होता गं, मी वापरलाच नाही. मी म्हटलं, तुझा नातू बारीक आहे. म्हणाली, हो, आणि तू शहाणी आहेस. टिचकीला दोन निळी बटणं दिली, शुभशकुन म्हणून. दोन्ही सारखी! मला चाळीस वर्षांत दिली नाहीत.

खिशावर तीन आकडे. मिळून आठ.

२७ सप्टेंबर, शनिवार

आज फार झालं. क्रमाने लिहिते.

कॉलर आणि खिसा टेबलावर जोडून ठेवले. टिचकीने नंबर घालण्याआधी सहज विचारलं, आजी, पिन सांगू नकोस, पण ऑफिसात तू तो घातलास कसा तेवढं दाखव. म्हटलं, जुना पिन तर गेलाच, आता दाखवायला काय हरकत. टेबलावर बोटांनी वाट दाखवली: वरचं डावं, मधलं, खालचं उजवं, परत मधलं.

टिचकीने डोकं टेबलावर ठेवलं. मला वाटलं चक्कर आली. हसत होती. रडतही होती बहुतेक. म्हणाली, आजी, ऑफिसातल्या डब्यावर एक सगळ्यात वरच्या ओळीत असतो. आपल्या कीबोर्डवर वरच्या ओळीत सात असतो. तुझी बोटं बरोबर गेली, आकडे चुकीचे पडले. तिन्ही वेळा.

मी चष्मा लावून बघितलं. खरंच की. कुणी लावली अशी बटणं? हा कीबोर्डवाल्याचा दोष आहे. एकाने काज डावीकडे केलं, दुसऱ्याने उजवीकडे, आणि बोलणी खायची कपडा घालणाऱ्याने.

म्हणजे टिचकीने तेरा तारखेला अस्तर लावलं ते पहिल्यांदाच नीट बसलं होतं. मधले दोन आठवडे तिने नीट बसलेलं उसवून परत शिवलं. तिने ते सगळं पुसून टाकलं आणि पहिलं परत आणलं.

मग कॉलर-खिशावरचा नंबर घातला आणि म्हणाली, आजी, आता नवा पिन ठेव. पण या वेळी आकडे म्हणून ठेव. मनात म्हण. बोटांवर नको जाऊस. म्हटलं, बरं. तिने भिंतीकडे तोंड केलं.

मनात म्हणायला सुरुवात केली होती. पण बोटं फार भरभर जातात.

कार्ड उघडलं! हिरवी अक्षरं! परत एकदा, परत हिरवी! दहा वेळा घातला, दहाही वेळा जमला. टिचकीने मला खुर्चीसकट गोल फिरवलं. माझी बोटं, म्हटलं नव्हतं?

२८ सप्टेंबर

तपासनिसाने घेतलं. दार लावायच्या चार तास आधी. या वेळी एक ओळ नाही, दोन ओळी लिहिल्या. पहिली: उत्तम काम. दुसरी: सूचनांचे शब्द कुणी लिहिले, आमच्या भाषेतही असेच हवेत. मदत करणाऱ्यांची यादी असते, सगळ्या जगाला दिसते. टिचकीने आपल्या नावाखाली लिहिलं: सूचनांचे शब्द, टिचकीची आजी.

सूनबाईने मोठ्याने वाचलं. मी परत वाचायला लावलं. चष्मा सापडत नव्हता, म्हणून.

१ ऑक्टोबर

बटणवालीला कार्ड मिळालं. चार मजले चढून आल्यावर दुकानात एका पायावर दुसरा पाय चढवून बसली होती, बोलवेना. मी पाणी दिलं. म्हणाली, तुझ्या नातीने केलं ते बरं केलं गं, परत नाही जमायचं मला. मी म्हटलं, आम्ही केलं. पण हळूच म्हटलं.

१० ऑक्टोबर

उद्या कार्यक्रम. निळा ब्लाउज इस्त्री केला. टिचकी तीनदा म्हणाली, आजी, पिन आठवतो ना? आकडे? मी म्हटलं, झोपेत विचार. झोपेत विचारलं नाही ते बरं झालं.

११ ऑक्टोबर, शनिवार, रात्री ८

चाळीस माणसं होती. लायब्ररीवाल्यांनी खुर्च्या कमी पडल्या म्हणून पुस्तकांच्या पेट्या मांडल्या. टिचकीला पुढे बोलावलं तर ती मागे खांबाआड उभी. मग मला बोलावलं. पहिलं कार्ड. मी दोन शब्द बोलले. सूनबाई म्हणते, वीस मिनिटं बोलले. ओपन सोर्स म्हणजे काय ते समजावलं, मास्तरांची किल्ली, भिंतीवरचा बेत, सगळं. आणि सांगितलं की पिन विसरणाऱ्यांनी घाबरायचं नाही, मी स्वतः त्यांच्यासाठी गोड शब्द लिहून ठेवलेत.

मग कार्ड घातलं. मोठ्या पडद्यावर माझा फोटो, रागावलेला. लायब्ररीवाल्यांनी रीडर पुढे केला. त्यांचे रीडर नवीन आहेत, त्यांच्यावरच बटणं. तीन-तीनच्या ओळी. वरच्या ओळीत एक.

बोटं धावली.

मोठ्या पडद्यावर, चाळीस माणसांसमोर: 'पिन जुळला नाही. काही बिघडलं नाही. अजून दोन वेळा जमेल. घाई नाही.'

कुणी हसलं नाही. मग बटणवाली मोठ्याने म्हणाली, अगं, किती छान लिहिलंस गं! आणि मग सगळे हसले, मीसुद्धा. परत घातला. अजून एकदा जमेल, घाई नाही. खांबाआडून टिचकी दोन्ही हात हलवत होती, थांब म्हणून. मी कार्ड काढून घेतलं आणि जाहीर केलं की पहिला मान मी मैत्रिणीला देते.

बटणवालीचा पहिल्या फटक्यात जुळला. तिच्यामागे सगळ्यांचे. एकाचंही अडलं नाही. पुलापलीकडे आता कुणाला जायला नको. टिचकीला सगळ्यांनी घेरलं होतं, तिच्या शर्टावर दोन निळी बटणं होती, कधी लावली कोण जाणे.

नवा संकल्प: आकडे लिहून ठेवायचे. या वहीत, आत्ता, कुणी वाचत नाही.

माझा पिन:

रात्री ८:३०

आकडे कोणते ते मला माहीत नाहीत. उद्या टिचकी बाहेर गेली की तिच्या कीबोर्डसमोर बसते आणि बोटं कुठे पडतात ते बघते. कार्ड न घालता.

घाई नाही.